चार वाजताची सावली

मापं घेण्यात माझी चाळीस वर्षं गेली.
छाती, कंबर, मुंढा, बाहीची उंची,
आणि बायका श्वास आत ओढून धरतात तेव्हा
त्यांना न सांगता सोडलेला अर्धा इंच.

सावलीचं माप मात्र कधी घेतलं नव्हतं.

ऋजुता आली, जिनल आणि हेनिलला घेऊन.
म्हणाली, मावशी, रणात तीन दिवसांचा मेळा आहे,
रात्री गाणी, शेकोट्या,
आणि दिवसा काहीच नाही. झाड नाही, भिंत नाही,
वरून ऊन आणि खालून मीठ.
सहा जण मावतील असं काहीतरी शिव ना,
घडी करून जीपच्या टपावर जाईल असं.

मी विचारलं, सहा जण बसलेले की झोपलेले?
तिघंही एकमेकांकडे बघत राहिली.
गिऱ्हाइकांचं असंच असतं.

मांडवीजवळ हातिमभाईंच्या दुकानात
एक इंची नळ्या बारा, कोपऱ्यांचे जोड, नायलॉनची दोरी.
"कुमुदबेन, कोनां लगन छे?"
म्हटलं, उन्हाचं.
ते हसले, आणि दोरी दोन वाव जास्त मोजली.
दहा फुटी नळी रिक्षात मावेना
म्हणून सगळ्या मधोमध कापून दिल्या, जोड घालून.
जीपच्या टपाचं कोडं तिथेच सुटलं, रिक्षावाल्याच्या रागापायी.

वरून पांढरं मांजरपाट, आतून मकरपुऱ्याहून आणलेलं
चंदेरी, करकरणारं काहीतरी.
त्याने माझ्या दोन सुया खाल्ल्या.

पहिल्यांदा धाब्यावर उभं केलं
(गच्ची म्हणा तुम्ही, आम्ही बडोद्याची माणसं धाबंच म्हणतो)
तर वारा आला आणि सगळं घेऊन निघाला.
अमीनांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं
मोठं, ओशाळलेलं पाखरू.
हेनिल म्हणाला, अजून घट्ट बांधू.
मी कात्री घेतली.
सोळा अर्धचंद्र कापले, प्रत्येकाला काठ घातला.
नव्याकोऱ्या कापडाला मुद्दाम भोकं पाडण्याची
माझी पहिलीच वेळ. हात जरा थरथरला.
आता वारा त्यातून शीळ घालत जातो,
थांबत नाही.

मिठाच्या जमिनीत खुंटी धरत नाही म्हणे.
जुन्या जीन्सच्या पायांच्या आठ पिशव्या केल्या,
तळ शिवलेला, तोंडाला नाडी;
वाटेत रेती भरायची आणि पायांना बांधायच्या.
जिनलच्या बाबांच्या जीन्सच्या मागच्या खिशात
सिनेमाची दोन तिकिटं निघाली, अठरा वर्षांपूर्वीची.
होती तिथेच राहू दिली. खिसा शिवून टाकला.

मग रविवारी शिंप्याचा निळा खडू घेऊन
सकाळी नवाला धाब्यावर बसले.
नवाची सावली पश्चिमेला, लांबट, आळसावलेली.
एकची जवळजवळ खालीच, जराशी उत्तरेला सरकून.
चारची मात्र छपराखाली नावालाच.
ती गेली होती पार पूर्वेच्या कठड्यापाशी,
जिथे मी मिरच्या वाळत घालते.
आणि पोरं कापडाखाली बसलेली. उन्हात.

माणसाचं माप एकदा घेतलं की दिवाळीपर्यंत चालतं.
ह्याचं तासातासाला उसवतं.

म्हणून बाजूला पदर जोडला, पाच फुटी, बटणांचा.
सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला.
हे पोरांना चार वेळा सांगितलं.

गुरुवारी पहाटे गेली.
शनिवारी फोटो आला: पांढऱ्यावर पांढरं,
खाली सहा नव्हेत, अकरा जण,
आणि कडेला एक उंटवाला, तोंडावर फेटा घेऊन झोपलेला.
पदर चुकीच्या बाजूला.
मी फोटो मोठा करून शिवणी तेवढ्या बघितल्या.

धाब्यावर खडूच्या रेषा अजून आहेत.
नऊ, एक, चार,
चौकोन एकमेकांवर चढलेले.
काल मिरच्या गोळा करायला गेले तेव्हा चारच वाजले होते.
चारच्या चौकोनात जाऊन बसले.

ऊन होतं.
तरी बसले थोडा वेळ.